चाळणी

द्रावणाचा फवारा तापलेल्या भट्टीत सोडला, की थेंब सुकून पिठाहून बारीक पावडर जमते. तिचेच पुढे खुब्याच्या सांध्यात बसवायचे सिरॅमिकचे गोळे होतात. भट्टी जरा जास्त तापली, तर कण वरून गोल आणि आतून पोकळ. असल्या पावडरचा गोळा पुढे कधी तडकेल, नेम नाही. म्हणून अकरा वर्षं मी प्रत्येक लॉट मायक्रोस्कोपखाली बघूनच पास केला. कारखान्यात मला ‘चाळणी’च म्हणतात.

एकदाच चुकले. गेल्या वर्षी आई जिन्यावरून पडल्याचा फोन आला, तेव्हा हातातल्या लॉटवर न बघताच सही ठोकली आणि धावत सुटले.

आज आईचा त्या पडण्यात दुखावलेला खुबा बदलायचा होता. डॉक्टरांनी कौतुकानं खोकं दाखवलं. “तुमच्याच पावडरचा गोळा आहे बरं का!” मी खोक्यावरचा पावडरचा लॉट नंबर वाचला. परत वाचला. त्या दिवशीचाच.

“डॉक्टर, दुसरा... दुसरा आहे का एखादा?”



आई स्ट्रेचरवरून हसली. “हिचं काही मनावर घेऊ नका डॉक्टर, जन्माची खोड आहे खुसपटं काढायची. अहो, हिच्या नजरेखालून गेलाय तो. बसवा बिनधास्त!”