दुसरी टक

व्हॅनचं सरकतं दार बिघडलं की बाकीचे मशीन जोडून बघतात, पण मेस्त्रींचा भरवसा स्वतःच्या कानांवर. बटण दाबलं की दार आपोआप सरकत येतं. लॅच दाराला धरतं तेव्हा एक टक होते, आणि मोटर दार आत ओढून घेते तेव्हा दुसरी, जरा नाजूक. दुसरी झाली नाही की लॅच बाद, हा त्यांचा कायदा.

शाळेच्या व्हॅनला कालच बसवलेलं लॅच भंगारात भिरकावून त्यांनी आज आणखी एक बसवलं, तरी दुसरी टक काही होईना. "हल्लीचा मालच फुसका," ते करवादले. भंगारात अशा नव्याकोऱ्या लॅचचा ढीग साचला होता. व्हॅनवाला बिचारा बाजूला उभा होता.

तेवढ्यात मेस्त्रींची बायको डबा घेऊन आली. त्यांनी तिलाच व्हॅनमध्ये बसवलं. "तू आतून ऐक. आणि घरी ओरडतेस तशी इथे ओरडू नकोस, गिऱ्हाईक उभं आहे."

दार सरकत आलं, बंद झालं. मेस्त्रींनी ते पुन्हा उघडलं आणि लॅचवरची नजर न काढता विचारलं, "काय गं, झाली दुसरी टक?"

"झाली की हो, चांगली खणखणीत," ती हळू आवाजात म्हणाली.



मेस्त्रींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि व्हॅनवाल्याकडे वळून मान हलवली, "बघा, हीसुद्धा गप्पच. हेही लॅच गेलं."