शेवटच्या कडव्यातलं नाव

भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. अकोल्यात जयंतीच्या कार्यक्रमात दीपमालाने वडिलांचं गाणं पहिल्या ओळीलाच ओळखलं, पण शेवटच्या कडव्यात ‘धर्मपाल’च्या जागी ‘इंद्रपाल’ आलं. गायकाने स्वतःचं नाव मात्रा जुळवून बेमालूम बसवलं होतं.

वडील जाऊन वर्ष झालं होतं. बंगळूरहून ती अंत्यविधीलाही पोहोचली नव्हती. आज मात्र ती तडक मंचामागे गेली.

“हे गाणं धर्मपालांचं आहे. लाज नाही वाटली त्यांचं नाव पुसायला?”

इंद्रपालने गळ्यातली पेटी खाली ठेवली. “म्या लय इनकार केला, ताई. वलगावले त्यायच्याजवळ गाणं शिकून राहिलो होतो, तवा त्याईनंच सांगतलं, ‘आता तुह्यं नाव टाक.’”

“ते असं का सांगतील?”

“म्हने, ‘माह्यं नाव कोनासाठी राहू देऊ? मांगं माह्यं कोनीच नाही.’”

त्याने पेटीचा पट्टा पुन्हा गळ्यात अडकवला.



“पन तुमी त्यायच्या कोन लागता, ताई?”