बिनकष्टाची हिरवळ

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावास्येला, ज्याला रान आहे तो रानात जातो, पिकावर अंबील शिंपडतो, भज्जी-भाकरी खाऊन संध्याकाळी परततो. माळीकाम करणाऱ्या गुरुसिद्धप्पांना रान नाही. म्हणून ते मडक्यात अंबील घेऊन सकाळीच उमाबाईंच्या बंगल्यावर आले, अन् पुढच्या हिरवळीवर डहाळीनं शिंपडायला लागले. तोंडानं बारीक आवाजात येळवशीचं ‘ओलगे ओलगे’ चालू होतं.

हिरवळ म्हणजे गवत नव्हे. क्लोव्हर. अप्पा तिला बरसीम घासाची धाकटी बहीण म्हणायचे. तीन-तीन पानं, मधूनमधून पांढरी फुलं. आधी इथं लॉन होतं. टँकरच्या टँकर पाणी प्यायचं, तरी उन्हाळ्यात पिवळं पडायचं, आणि पावसाळा लागला की आठवड्याला कापणी मागायचं. सोळा वर्षं अप्पांनीच ते जगवलं. ते खणून काढून हे पेरलं तेही अप्पांनीच. तेव्हा धाराशिवची ती सगळी कॉलनी हसली होती. बंगल्यापुढं म्हशीचा चारा! आता तेच लोक गाडी हळू करून बघत जातात.

“अप्पा, हे काय शिंपडताय?” उमाबाई दारात आल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आवाजात अजून शाळा होती.

“अंबील, बाई. येळवस हाय न्हवं? पीक असंल तिथं शिंपडावं.”

“मुंग्या लागतील हो.”

अप्पा हसले आणि शिंपडत राहिले. बाई पायरीवर टेकल्या. भरल्या वर्गाच्या डोळ्यात डोळे घालून बोलणारी बाई, पण आज हातातल्या चहाच्या कपाकडंच बघत होती.

“अप्पा, एक तारखेपासून तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

“सुट्टी कशाला, बाई? मला कुठं जायचंय?”

“सुट्टी नाही.” बाईंनी कप खाली ठेवला. “दिवाळीत तुम्हीच नाही का सृष्टीला सांगितलं? कापायला नको, युरिया नको, आठ दिवसांनी पाणी दिलं तरी बास. ह्याला माझीसुद्धा गरज न्हाय, असं म्हणालात. ती म्हणते, मग आई, माळी कशाला?”

म्हणाले होते. अप्पा खरंच म्हणाले होते. बाईंची लेक पुण्याहून आली, ‘वा अप्पा!’ म्हणाली, आणि माणूस फुगला. आपल्या हातच्या कामाची फुशारकी कोण मारत नाही? सुतारसुद्धा म्हणतोच, ह्या दाराला आता शंभर वर्षं बघायला नको. म्हणून काय त्याला कुणी दाराबाहेर काढतं?

“पर बाई, पेरायच्या आधी मी नगंच म्हणत व्हतो. तवा तुम्ही म्हणलाव, गवत जाईल, अप्पा राहतील. कष्ट कमी झाले तर बसून खावा. तुळजापूरच्या देवीची आण घेतलीव तुम्ही.”

“म्हणाले असेन.”

असेन! घ्या. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ह्या म्हणीचा अर्थ ह्याच बाईंनी किती वर्गांना समजावून सांगितला असेल. केसानं गळा कापला हो, आणि तोही गोड बोलून. अप्पांची साठी उलटलेली, दुसरं घर धरलेलं नाही, आता ह्या वयात काम देतंय कोण? बाईंचा राग आला, पण त्याहून जास्त राग त्या क्लोव्हरचा आला. हरळीचं लॉन खाष्ट होतं, छळायचं, पण त्याला अप्पा लागायचे. ही गुणाची, आणि बेइमान.

“असं तोंड पाडू नका,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला वाऱ्यावर सोडीन का मी? सोय केलीय तुमची. कॉलनीतले चार बंगलेवाले मागं लागलेत, आम्हालाही हेच लावून द्या म्हणून. मी तुमचंच नाव सांगितलंय. चारही ठिकाणी तुम्हीच पेरायचं.”

“अन् पेरल्यावर?”

“पेरल्यावर काय, त्याला मग काही लागतच...” बाई थांबल्या.

“तितं माळी हायत, बाई. चारी घरी.”

“हो, आहेत ना. शेजारी तर तुमचाच मुनवर आहे.” आणि आत फोन वाजतोय असं काहीतरी म्हणत त्या उठून गेल्या. फोन काही वाजत नव्हता.

मुनवरला शेजारच्या बंगल्यावर अप्पांनीच लावून दिलं होतं. कात्री धरायलाही त्यांनीच शिकवलं. त्याची लेक अलिजा यंदा पहिलीत गेलीय.

“अप्पा!” भिंतीवरून मुनवरनंच हाक मारली. लॉन कापून घामाघूम झाला होता, चेहरा मात्र खुशीत. “आमच्या सायबाला तुमचं हे लई पसंद पडलंय. मला म्हनले, अप्पाकडून शिकून घे, तुझीच मेहनत कमी हुईल. बी कुठं मिळतं हो ह्याचं? शिकवता का मला?”

अप्पांनी बंगल्याच्या दाराकडं पाहिलं. दार लागलेलं होतं. त्यांच्या घोट्याभोवती क्लोव्हर दाटून आलं होतं, हिरवंगार, फुलांवर मधमाश्या बसलेल्या, भिंतीपासून फाटकापर्यंत कुठं हातभर जागा रिकामी नाही.

“नादी लागू नगंस,” त्यातच उभे राहून अप्पा म्हणाले. “आपल्या मातीत येत न्हाय ते.”