पुतळ्याचं माप

“परत उसवू? काल तर मापात बसला व्हता गो!” भामामावशी दातांनी दोरा तोडत कुरकुरली.

अनुयाच्या पदवीच्या कलेक्शनमधले पाच पोशाख तयार होऊन भिंतीला टांगले होते. सहावा झगा उद्या परीक्षकांसमोर नीट बसला नाही, तर वर्ष वाया. तरी नवीन पनवेलच्या त्या खोलीत सकाळचं ऊन होतं, आल्याचा चहा होता, आणि अनुया खुशीत होती.

फक्त कापडी पुतळ्याची कंबर वाढत होती.

सोमवारी सव्वीस इंच. बुधवारी सत्तावीस. आज साडेअठ्ठावीस. अनुयाने टेप बदलून पाहिली, मग गुपचूप वहीतला आकडा खोडला. मावशीने शिवणीत राखलेली जादा कापडाची माया आणखी थोडी सोडली. आणि दोघी उरणच्या मासळीच्या गप्पा मारत बसल्या.

झगा पुन्हा पुतळ्यावर चढवला. पोटावरची चुणी सारखी करताना मावशीचा हात थांबला.

“दमट हवेने कापूस फुगतो ना, मावशी?” अनुयाने घाईघाईने विचारलं.

मावशीने तिचा हात धरून तिथे टेकवला. आतून काहीतरी हळूच ढुशी देऊन गेलं.

“कापूस नाय गो,” मावशी मायेने म्हणाली. “पाचवा महिना हाय हिला.”