कमानीची अट

नाथाजी न्हाणीत अंघोळीला बसला होता आणि सरपंचपदाची उमेदवार बाहेर ओट्यावर ताटकळत होती. मुंबईहून माणूस आला की आधी त्याची अंघोळ, मग गावाचं राजकारण. माण तालुक्यातल्या वाड्यांवर हे असंच चालायचं. सकाळपासून उंबरे झिजवून उत्कर्षाचे पाय गळून गेले होते.

"वहिनी, बसलाय न्हवं?" कुडाआडून आवाज आला. "आमच्या मुंबई मंडळाचं ठरलंय. मतदानाला दोन गाड्या भरून आणतो, एक मत हिकडचं तिकडं होनार न्हाई. फकस्त वेशीत दगडी कमान पायजे. जाहीरनाम्यात एक नंबरला."

"भावजी, एक नंबरला नळाचं पाणी घेतलंय. बायकांना शब्द दिलाय मी."

"पान्याचं काय घिऊन बसलाय? टँकर येतोय की! आवं, जत्रेला आमचं पावनं येत्यात मुंबईचं. वेशीत काय बघत्यात? उकिरडा! मान खाली जाती वो आमची. आये, बादली दे गं अजून एक."

त्याची आई, राहीबाई, पिंपात वाकली. हे पाणी तिनंच पहाटे टँकरपाशी भांडून, घागरीनं वाहून आणलेलं. बादली उचलताना ती कण्हली, पण लेकाला ऐकू जाणार नाही इतपतच.

उत्कर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून चालतं व्हावं, असं वाटलं. पण जाणार कुठं? गावात राहणाऱ्यांची मतं दोन्ही पॅनेलांनी निम्मी निम्मी वाटून घेतलेली. निवडून यायचं तर मुंबईकरांच्या जिवावर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

तिनं म्हातारीकडं पाहिलं. "आत्ती, तुम्ही तरी सांगा लेकाला. तहसीलवरच्या हंडा मोर्चात सगळ्यांच्या पुढं तुम्हीच होता."

राहीबाई पदराला हात पुसत जवळ आली. न्हाणीकडं एकदा बघून हळूच म्हणाली, "व्हय म्हन बाई त्याला."

"आत्ती!"

"अगं, पानी जल्मभर वाह्यलंय, आनिक वाहीन. पन त्यो लय हट्टी हाय. त्याचं न्हाई ऐकलं तर रुसून बसंल, मग जत्रंलाबी यायचा न्हाई. वर्सातनं येकदा तर येतोय गं."

विरोधकांशी भांडता येतं. हिच्याशी काय भांडायचं? आत तांब्यावर तांबे ओतले जात होते. ते ऐकून ऐकून उत्कर्षाला एकदम थकल्यासारखं झालं.

"करू भावजी कमान," ती म्हणाली. "एक नंबरला."

"वा वहिनी! झालं की मग काम! आता तुमी गुलाल आनून ठिवा. आये, साबन ऱ्हायलाय गं अंगाला. आन की थोडं."

राहीबाईनं पिंपात तांब्या घातला, तो तळाला खरवडला. वर आला तो नुसता गाळ. ती लगबगीनं घरात गेली आणि प्यायच्या पाण्याचा डेरा दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आली. उत्कर्षा "अवं, आत्ती" म्हणेपर्यंत तिनं तो बादलीत उपडा केलासुद्धा.

मग बादली आत सरकवून, लागलेला दम आवरत, ती कौतुकानं हसली.

"ल्हानपनापासनं लय पानी लागतं त्याला."