श्वासचोराचं हसू

पडद्यावरच्या मुलाला दोन खलाशांनी समुद्रातून वर ओढलं. ओढता ओढता त्यातल्या एकाने स्वतःचाच गळा धरला आणि तो डेकवर कोसळला. त्याच क्षणी मुलाने मान मागे टाकली, तोंड उघडलं, त्याचे खांदे गदागदा हलले. रेकॉर्डिंगवाल्याने चित्र तिथेच थांबवलं. काचेपलीकडे माइकसमोर उभ्या असलेल्या गर्दीकाकांनी कानांवरचे हेडफोन काढले.

तो मुलगा म्हणजे लहानपणीचा कप्तान श्वासचोर. चाच्यांच्या त्या परदेशी कार्टून मालिकेतला सगळ्यात निर्दय माणूस. त्याने नुसता पंजा उघडला की समोरच्या जहाजावरच्या सगळ्यांचा श्वास ओढला जाई. शिडंसुद्धा मरगळून खाली येत. माणसं मासळीसारखी तडफडत, आणि श्वासचोर मान मागे टाकून, खांदे हलवत खदाखदा हसे. ते हसू गर्दीकाकांचं होतं.

मालिका स्वस्तात घेतलेली. मूळ आवाज आलेच नव्हते. आली ती चित्रं, संगीत आणि समुद्राची गाज. संवाद भाषांतरकार लिहून देई, पण जिथे शब्द नाहीत तिथे ओठ बघून आवाज भरायचा, ही स्टुडिओची रीतच होती. पहिल्या भागात श्वासचोराचं तोंड असं उघडलं, तेव्हा डबिंग करून घेणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या की खलनायक आहे, हसतच असणार. गर्दीकाका हसले. मग प्रत्येक भागात हसले.

आज श्वासचोराचं बालपण आलं होतं. बापाच्या हुकमावरून त्याला पिंपात घालून समुद्रात टाकलं होतं. पाण्याने त्याची छाती कायमची निकामी केली होती. दुसऱ्याचा घेतल्याशिवाय त्याला श्वासच नव्हता. आणि तो पहिला श्वास घेतानाचं चित्र प्रत्येक भागातल्या हसण्याचंच होतं. रेघ न् रेघ तीच. कप्तान कधी हसलाच नव्हता.

ताईंनी घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या की इथेही हसूच ठेवू. पोरं त्या हसण्यासाठी मालिका बघतात, बटण दाबलं की हसणारं खेळणं दुकानात आलंय, मागचं सगळं आता कोण निस्तरणार. रेकॉर्डिंगवाला पुटपुटला की बापाने बुडवलेलं पोर वर येऊन हसायला लागलं, तर ते पोर राहत नाही, भूत होतं. ताईंनी त्याला शहाणपणा बटणांपुरता ठेवायला सांगितलं. भाग संध्याकाळी जायचा होता.

"जेवून या, काका," ताई म्हणाल्या. "पण येताना हसायच्या तयारीने या. नाहीतर मला दुसरा घसा शोधावा लागेल."

काका घरच्या रस्त्याला लागले. उभा जन्म त्यांनी बाजारातली गर्दी, कोर्टातली कुजबुज आणि लांबचं भुंकणारं कुत्रं यांना आवाज दिला होता. नाव पडलं तेही त्यातूनच. त्या हसण्याने पहिल्यांदा त्यांना गर्दीतून बाहेर काढलं होतं. लिफ्टवाला हसू ऐकायला त्यांना दोन मजले जास्त फिरवून आणी. आजही कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने हाक मारली, तेवढं करून दाखवा म्हणाला. काका सवयीने हसले. मग हसू अर्ध्यावर तोडून पुढे निघाले. हे काम गेलं तर या वयात कोण देणार? पुन्हा कुत्रं. तेही लांबचं.

घरी बायकोने ताट वाढून ठेवलं होतं. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले होते. ती मालिकेचा एकही भाग चुकवत नसे. श्वासचोर आला की काका पडद्याकडे बोट दाखवत, मग स्वतःच्या छातीवर ठेवत, हा मी. त्यापुढे त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. जिने त्यांचा आवाज कधीच ऐकला नाही तिला तो कसा समजवायचा?

आज मात्र त्यांनी एक घास घेतला आणि हातांनी सांगायला घेतलं. खुणा वाकड्यातिकड्या होत होत्या. पिंप, समुद्र, पहिला श्वास. तो धापा टाकतो, हे आज कळलं, एवढं त्यांनी सांगितलं. हसण्याची खूण मात्र हातून होईना.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. पाणी ओलं असतं, असं काही त्यांनी सांगितलं असावं तशी.

"मला पहिल्या दिवसापासून दिसतंय," तिचे हात म्हणाले. "डोळे बघा ना त्याचे. किती घाबरलेले असतात."

स्टुडिओत सगळे ओठ बघत होते. डोळे बघायला कुणाला सवड नव्हती.

मग मला कधी बोलली का नाहीस, असं काकांनी विचारलं. त्यावर ती म्हणाली की तुम्हाला काय सांगायचं, त्याचा श्वास तर तुम्हीच घेता. असं म्हणून ती थोडी पुढे सरकली. हे विचारायचं तिच्या मनात फार दिवसांपासून असावं.

"ऐकणाऱ्यांना रडू येत असेल, नाही?"

ती उत्तराची वाट बघत होती, डोळे त्यांच्या तोंडावर लावून. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली, आणि ते खोटं ठरू नये म्हणून ताट तसंच टाकून स्टुडिओकडे पळत सुटले.