परबतभाईंची दाढ

जुनागढच्या डॉक्टर हेमांग बुच यांच्या खुर्चीत परबतभाई वर्षभरात चौथ्यांदा आ वासून बसले होते. दाढेत भरलेल्या सिमेंटची तीच कड पुन्हा उडाली होती.

"डॉक्टरसाहेब, सगळं काढा आणि नवीन भरा. ठिगळं पुरे झाली आता!"

"उगाच कशाला? बाकीचं सिमेंट घट्ट बसलंय. ते कोरून काढायचं म्हणजे चांगली दाढही झिजवायची. कड तेवढी भरतो. दोष सिमेंटचा नाही, परबतभाई, तुमच्या सुपारीचा आहे."

"सोमनाथ महादेवाची शपथ! वर्ष झालं, माझ्या घरात सुपारीचं खांडसुद्धा नाही. हवं तर बायकोला फोन लावा."

डॉक्टरांनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. सुपारी खाणाऱ्याच्या शपथा त्यांनी आजवर पुष्कळ ऐकल्या होत्या. त्यांनी कड भरली, घासून सारखी केली आणि दम दिला, "आज या बाजूनं काहीही चावायचं नाही."

मान डोलावून परबतभाई बाहेर पडले. चष्मा मात्र खुर्चीतच राहिला, म्हणून डॉक्टर तो घेऊन लगबगीनं दाराशी आले आणि जागच्या जागी थिजले.



पायरीवर त्यांचे वडील मांडीवर अडकित्ता घेऊन बसले होते आणि ओशाळलेल्या परबतभाईंच्या तळहातावर ताजी कातरलेली सुपारी ठेवत म्हणत होते, "नाही म्हणू नकोस रे, परबत, माझ्या हेमांगच्या दारातून माणूस सुपारीशिवाय गेला, तर पुन्हा या दवाखान्याकडे फिरकेल का?"